कोकण किनाऱ्याची बाइकपॅकिंग मांडणी: नोंद तिसरी, सामान साडेआठ किलो

बाइकपॅकिंग, म्हणजे सायकलवर आपलं सामान बांधून काही दिवसांच्या फेरीला निघणं, सर्वसामान्यांचा छंद होतोय का, हे तपासायला आम्ही एक साधी कसोटी धरली आहे. पाच फूट तीन इंच उंचीचा स्वार, दुकानात सहज मिळणारी ७०० सी चाकांची हायब्रिड सायकल, वाटेत मदतीला फक्त गावातलं पंक्चरचं दुकान आणि मार्ग अलिबाग ते तेरेखोल, किनाऱ्याकिनाऱ्याने. एवढ्यावर सामान नीट बसलं, सायकल कुरकुरली नाही आणि चढाला उतरून ढकलावी लागली नाही, तर छंद घराघरात जायला अडचण नाही. आतापर्यंत सामानाच्या तीन मांडण्या झाल्या. पहिलीचं वजन १२.४ किलो, दुसरीचं १०.१ आणि तिसरीचं ८.५, सगळी पाणी सोडून.

पहिली मांडणी थेट अमेरिकन नमुन्याबरहुकूम होती: सीटखालून मागे निघणारी १४ लिटरची सीटबॅग, हँडलबारला १२ लिटरची गुंडाळी, फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या) दोन्ही बाजूंना सामान धरणारे पिंजरे, कॅरिअर नाही. या नमुन्याचा उगम लक्षात घेतला की त्यातलं आपल्या कामाचं काय ते कळतं. ग्रेट डिव्हाइड हा रॉकी पर्वतातला कच्चा मार्ग अ‍ॅडव्हेंचर सायकलिंग असोसिएशनने १९९०च्या दशकाच्या अखेरीस नकाशांवर आणला. २००८ पासून त्यावर टूर डिव्हाइड भरते. बॅन्फपासून मेक्सिकोच्या सीमेपर्यंत साधारण ४,४०० किमी, आणि सामान सगळं स्वतःच वाहायचं. तसल्या वाटेवर सततच्या हादऱ्यांनी कॅरिअरचे बोल्ट सुटतात, कांब तडकते, कॅरिअरच्या बाजूंना लटकणारे रुंद पॅनिअर दगडाला अडतात. म्हणून तिथे कॅरिअर गेलं आणि पट्ट्यांच्या बॅगा आल्या. कोकणचा सागरी रस्ता बहुतेक डांबरी आहे. खड्डे, खडी आणि मधूनमधून जांभ्याचा कच्चा तुकडा, एवढंच. तिथली अडचण इथे नाही, तर तिथला तोडगा डोळे झाकून का घ्यायचा?

पहिली मांडणी बिघडली ती उंचीमुळे. पाच फूट तीन इंचाच्या माणसाची सीट पेडलच्या अक्षापासून साधारण ६५ सेंमीवर येते. ७००×४० चं टायर जमिनीपासून ७० सेंमी उंच. हिशेब केला तर सीटचे रेल (सीटखालच्या दोन कांबी) आणि टायर यांच्यामध्ये जेमतेम १५ सेंमी उरतात. १४ लिटरची भरलेली बॅग तेवढ्यात मावते, पण खड्ड्यात शेपूट खाली झुकलं की टायरला घासते, आणि एका दिवसाचं घासणं तळाला भोक पडायला पुरतं. बॅगा दाखवणारे बहुतेक फोटो सहा फुटी स्वारांच्या सायकलींचे असतात, तिथे हा प्रश्नच येत नाही. आपल्याकडच्या बायका आणि बुटके पुरुष यांना तो पहिल्याच दिवशी येतो. सीटबॅग घ्यायची असेल तर आधी स्वार सीटवर बसलेला असताना रेलपासून टायरपर्यंत मोजा. २० सेंमीपेक्षा कमी असेल तर ८ लिटरच्या वर जाऊ नका.

बॅग डावी-उजवीकडे हेलकावते त्याचं कारण वेगळं. जड वस्तू शेपटाकडे गेल्या की सीटपोस्टपासूनचा त्यांचा हात लांब होतो आणि प्रत्येक पेडलला बॅग झुलते. अवजारं, ट्यूब, पॉवरबँक अशी घट्ट, जड जिन्नस सीटपोस्टला चिकटून भरायची. कपडे मागे. तोंड गुंडाळण्याआधी गुडघ्याने दाबून हवा काढायची, रेलचे पट्टे आधी आणि सीटपोस्टचा पट्टा शेवटी आवळायचा. सीटबॅगेत ३ किलोच्या वर भरू नये. हे सगळं करूनही झुलत असेल तर बॅग अर्धी रिकामी आहे असं समजा.

दुसऱ्या मांडणीत सीटबॅग काढून वजन पुढे हलवलं: हँडलबारला ७ किलोच्या जवळ आणि फोर्कवर दोन बाजूंना दीड-दीड किलो. उतारावर हँडल जड आणि वळायला आळशी झालं. त्याहून वाईट म्हणजे गुंडाळीने ब्रेकच्या केबली हेडट्यूबवर (फ्रेमच्या पुढच्या उभ्या नळीवर) दाबल्या. केबल चेपली की आत घर्षण वाढतं, ब्रेक ओढला तर पटकन सुटत नाही. त्यावर इलाज सोपा आहे. फोमचे दोन ठोकळे, प्रत्येकी ३ सेंमी जाडीचे, हँडलबार आणि गुंडाळीच्या मध्ये. योगा मॅटचा तुकडा गोल गुंडाळून चिकटपट्टी मारली तरी चालतो. हेडट्यूबवर पारदर्शक जाड चिकटपट्टी लावा, नाहीतर बॅगेखाली अडकलेली लाल माती पॉलिश कागदासारखी रंग खरवडते. दिवा गुंडाळीमागे लपतो, तो फोर्कच्या माथ्यावर खाली घ्यावा लागतो.

फोर्कच्या पिंजऱ्यांबद्दल थोडं सविस्तर, कारण सगळ्यात जास्त चुका इथे होतात. फोर्कवर तीन भोकं असतील तर त्यात एम५ बोल्ट बसतात, भोकांमधलं अंतर ६४ मिमी. निळं थ्रेडलॉक (बोल्ट सुटू न देणारा डिंक) लावून ४ ते ५ न्यूटन-मीटर आवळायचे. मोजायचं साधन नसेल तर छोट्या एल-कीच्या आखूड टोकाला धरून दोन बोटांनी जेवढं बसेल तेवढं. पहिल्या ३० किमीनंतर पुन्हा तपासा, कारण प्लास्टिकचा पिंजरा दबतो आणि बोल्ट सैल पडतो. भोकं नसतील आणि फोर्क स्टीलचा असेल तर हार्डवेअरच्या दुकानातल्या पाइपच्या स्टीलच्या क्लिपा चालतात. खाली जुन्या ट्यूबचा दुहेरी तुकडा द्यायचा, क्लिपेचं उघडं टोक चाकापासून दूर वळवायचं आणि वरून इन्सुलेशन टेप गुंडाळायची. कार्बन फोर्कवर क्लिप कधीही आवळू नका. नळी आतून चिरते आणि बाहेरून काही दिसत नाही.

तिसऱ्या मांडणीत कॅरिअर परत आलं. ॲल्युमिनियमचं छोटं, ७०० ग्रॅमचं, आणि त्याला ६ लिटरच्या दोन सडपातळ बॅगा. फ्रेमच्या त्रिकोणात वरच्या नळीखाली अर्धी बॅग, खाली दोन बाटल्यांना जागा. हँडलबारला छोटी बॅग, फक्त हाताशी लागणाऱ्या वस्तूंसाठी. वजनं अशी: कॅरिअर आणि सगळ्या बॅगा १,९५० ग्रॅम, अवजारं आणि सुटे भाग १,४५०, झोपायचं सामान १,१००, कपडे आणि रेनकोट १,५००, दिवे, पॉवरबँक, चार्जर ९००, खाणं ७००, साबण-टॉवेल ३५०, कुलूप ३००, प्रथमोपचार २५०. बेरीज साडेआठ किलो. शुद्ध बाइकपॅकिंगवाल्यांना कॅरिअर खटकेल. आमच्या मते कमी उंचीच्या फ्रेमवर आणि डांबरी रस्त्यावर हीच बरोबर मांडणी आहे. छंद आपल्याकडे रुजायचा असेल तर तो आपल्या मापाचा व्हायला हवा.

आता चढ. कोकणात घाटापेक्षा खाड्या दमवतात. रस्ता खाडीला उतरतो, पलीकडे लगेच सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, चढतो, आणि दिवसातून चार-पाचदा हेच. लांबी थोडी असते, पण ८ ते १२ टक्क्यांचा चढ बसतो. स्वार ७० किलो, सायकल १३.५, सामान ८.५, पाणी २.५, म्हणजे साधारण ९५ किलो. १० टक्के चढावर ताशी साडेसहा किमीने हे ओढायला सुमारे १७५ वॅट लागतात. सराव असलेल्या माणसाला पंधरा-वीस मिनिटं हे झेपतं. आता गिअर बघा. पुढे २८ दाती, मागे ३४ दाती असेल तर मिनिटाला ६० फेऱ्यांना वेग तेवढाच, साडेसहा, येतो. रोड सायकलचा ३४-२८ असेल तर त्याच फेऱ्यांना ९.४ किमी, आणि त्याला २५० वॅटच्या वर ताकद लागते. ती बहुतेकांकडे नसते, म्हणून फेऱ्या ४० वर येतात आणि गुडघे धरतात. जुनी तीन चकत्यांची हायब्रिड इथे महागड्या सायकलीला मागे टाकते. एकूण वजन दहा किलोने उतरवलं तर याच चढावर १८ वॅट वाचतात. चकती बदलून त्याहून कितीतरी जास्त वाचतात आणि खर्चही कमी.

टायर ७००×४०, ट्यूब असेल तर पुढे ३५ आणि मागे ४० पीएसआय. ट्यूबलेस असेल तर दोन्हीकडे ५ कमी. सीलंट, म्हणजे भोक आपोआप बुजवणारं द्रव, प्रत्येक ट्यूबलेस टायरला ६० मिली. आपल्या उन्हाळ्यात ते दोन-तीन महिन्यांत वाळून रबराचा गोळा होतो, त्यामुळे फेरीच्या आदल्या आठवड्यात ३० मिली वाढवायचं. बाभळीचा काटा सीलंट सहज पचवतं. काचेची ५-६ मिमीची चीर मात्र पचत नाही, तिला प्लग, म्हणजे चिरेत खुपसायची रबरी वात, लागतो. टायरची कड फाटली तर रिकाम्या टूथपेस्टच्या नळीचा ५ सेंमीचा तुकडा आतून लावला की ट्यूब बाहेर फुगत नाही.

व्हॉल्व्हचा प्रश्न लहान दिसतो, पण गावात तोच अडवतो. गावातल्या दुकानात पॅच, सोल्यूशन आणि मोटरसायकलला भरायची हवा मिळते. प्रेस्टा, म्हणजे सायकलचा बारीक तोंडाचा व्हॉल्व्ह, त्या नळीला बसत नाही. तेव्हा पितळी ॲडॉप्टर दोन घ्या, एक व्हॉल्व्हवरच बसवून ठेवा. रिमचं भोक ८.५ मिमीचं असेल तर सरळ मोटरसायकलच्या जातीची व्हॉल्व्ह असलेली ट्यूब वापरा. त्या भोकात प्रेस्टा घातला तर मुळाशी ट्यूब चिरते, मध्ये रबरी वॉशर हवाच. भोक ६.५ मिमीचं असेल तर प्रेस्टाला पर्याय नाही. ७००×४० ची ट्यूब वाटेत मिळेल अशी आशा धरू नका, दोन बरोबर ठेवा.

गावात न मिळणारी दुसरी वस्तू म्हणजे डिरेलर हँगर, मागचा गिअर बदलणारा डिरेलर फ्रेमला ज्यावर टांगतो तो छोटा तुकडा. प्रत्येक मॉडेलचा वेगळा, वजन वीस-तीस ग्रॅम, आणि तो मोडला तर फेरी तिथेच संपते. तो बहुतेकदा रस्त्यावर मोडत नाही. ट्रॅव्हल्सच्या डिकीत वाकतो आणि मग चढावर डिरेलर आऱ्यांत जातो. डिकीत टाकण्याआधी डिरेलर सोडवून फ्रेमच्या आत बांधा, उजवी बाजू वर ठेवा. मागच्या चाकाचे आरे ३६ असले तर उत्तम, ३२ चालतात. जास्तीचे आरे तिन्ही लांबीचे दोन-दोन, सीटस्टेला (सीटखालून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळीला) टेपने चिकटवून. चेनसाठी तुमच्या गिअरसंख्येचे दोन क्विक लिंक, म्हणजे चेन जोडायच्या सुट्या कड्या. खाऱ्या हवेत आणि लाल धुळीत ओलं तेल लेप बनतं, त्यामुळे रोज संध्याकाळी फडक्याने कोरडी पुसून प्रत्येक कडीला एकच थेंब द्यायचा. चेन ०.७५ टक्के ताणली की ८ गिअरवाल्यांनी बदलावी, ११ वाल्यांनी ०.५ लाच.

मार्गावर आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेश्वी, दाभोळ–धोपावे आणि तवसाळ–जयगड या फेरीबोटी आहेत, शेवटी तेरेखोल–केरी. धक्क्याचा उतार ओहोटीला शेवाळलेला असतो, तिथे उतरून चालत जा. बोटीवर सायकल स्टँडवर सोडू नका, कठड्याला टेकवून मागचा ब्रेक रबरबँडने दाबून ठेवा. सकाळी मतलई वारे असतात. दुपारनंतर समुद्रावरून वायव्येकडचा वारा येतो, म्हणून उत्तरेकडून दक्षिणेला जाणं शहाणपणाचं.

झोपायच्या सामानात तंबू नाही. किनाऱ्यावर घरगुती राहण्याची सोय गावोगाव आहे, तेव्हा मच्छरदाणी ३५०, मॅट ४०० आणि लायनर (झोपायची पातळ पिशवी) ३५० ग्रॅम पुरतं. सिंधुदुर्गात दोडामार्ग भागात माकडताप आढळला आहे. तो गोचिडीतून पसरतो, तेव्हा जानेवारी ते मे तिकडच्या रानात पाल्यावर पथारी टाकू नये. सड्यावर सावली नाही, तीन लिटर पाण्याची सोय असू द्या. ओआरएसची पुडी एक लिटरलाच घालायची, अर्ध्या बाटलीत नाही.

मूळ प्रश्नाकडे. कारखान्यांनी दखल घेतली आहे: गिअर-ब्रेक बनवणाऱ्या शिमानोने २०१९ मध्ये ग्रॅव्हलसाठी, म्हणजे खडीच्या कच्च्या रस्त्यांवरच्या सायकलींसाठी, जीआरएक्स ही वेगळी मालिका काढली, २०२२ मध्ये यूसीआय या आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेची पहिली ग्रॅव्हल जागतिक स्पर्धा झाली, डेकॅथलॉनसारख्या दुकानसाखळ्या स्वतःच्या नावाने बॅगा विकतात, आणि फोर्कवरची तीन भोकं मधल्या किमतीच्या सायकलींवरही दिसतात. आपल्याकडे ब्रेव्हेंनी, म्हणजे ठरलेल्या वेळात पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या फेऱ्यांनी, पाया घातला. २०० किमी साडेतेरा तासांत पूर्ण करणाऱ्यांना रात्रीचे दिवे, खाणं, सीटची सवय हे सगळं येतं. पण त्यांच्या सायकली २५-२८ मिमी टायरच्या आणि उंच गिअरच्या आहेत, तिथे गाडी अडते. पूर्ण किनारा ही मोठ्या सुट्टीची गोष्ट राहील. सर्वांना जमेल ती एका रात्रीची फेरी: मुंबईत भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने (गाड्या नेणाऱ्या बोटीने) मांडवा, तिथून अलिबागमार्गे काशीद सुमारे ५० किमी, मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी परत. त्याला तिसरी मांडणीही जास्त होते, ५ किलोत भागतं. ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी कॅरिअर, दोन बॅगा आणि २८-३४ चा गिअर एवढंच जमवावं.

चौथ्या मांडणीत दोन गोष्टी तपासायच्या आहेत: दोन बाटल्यांऐवजी खालच्या नळीखाली दीड लिटरची एक, आणि कॅरिअरच्या बॅगा एक सेंमी पुढे सरकवल्यावर टाच लागते का. पायाचं माप आठच्या वर असलेल्यांनी आपलं अंतर मोजून कळवावं. चेनस्टेची (पेडलच्या अक्षापासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळीची) लांबीही सोबत द्या, नाहीतर ते आकडे एकमेकांशी लावता येत नाहीत.