मुळा, मुठा, पवना आणि ऑरेगनचा हिवाळा

कोंबडा नसताना कोंबड्या अंडी देतात का, हा प्रश्न मला पुण्याहून सगळ्यात जास्त विचारला जातो. देतात. अंडं घालायला कोंबडा लागत नाही, पिल्लू व्हायला लागतो. आमच्याकडे कोंबडा नाही, त्यामुळे ही अंडी कितीही उबवली तरी त्यातून काही निघणार नाही. गेल्या उन्हाळ्यात आई-बाबा इथे आले, तेव्हा आईने हे माझ्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतलं आणि मगच नातीने आणलेलं अंडं हातात धरलं. त्याआधी जन्मभर तिने अंड्याला हात लावलेला नव्हता. खात ती अजूनही नाही, पण त्या दिवसापासून रोज सकाळी टोपली घेऊन खुराड्याकडे जायचं काम तिने कोणाला दिलं नाही.

नुकतंच घातलेलं अंडं ओलसर असतं. त्यावर एक पातळ थर असतो, तो बघता बघता वाळतो आणि कवचाची हजारो सूक्ष्म छिद्रं बंद करतो. अमेरिकेत दुकानातली अंडी धुऊनच विकतात, त्यात हा थर निघून जातो, म्हणून ती फ्रिजमध्येच ठेवावी लागतात. आमची न धुतलेली अंडी ओट्यावरच्या वाडग्यात असतात, पुण्यात वाण्याकडे बाहेर ट्रेमध्ये असतात तशी. आईला हे फार आवडलं. इथलं काहीतरी तिकडच्यासारखं आहे, याचा तिला आनंद झाला.

आम्ही राहतो ऑरेगन राज्यातल्या विलामेट खोऱ्यात. जागा एक एकर, म्हणजे आपले 40 गुंठे. त्यात घर, भाजीचे वाफे, ब्लूबेरीची झुडपं, हेझलनटची काही झाडं आणि सहा कोंबड्या: मुळा, मुठा, पवना, इंद्रायणी, नीरा आणि भीमा. नावं मुलांनी ठेवली, पुणे जिल्ह्याचा नकाशा बाबांनी पुरवला. मुळा आणि मुठा रात्री दांडीवर शेजारी बसल्या पाहिजेत, कारण त्यांचा संगम होतो, असा धाकट्याचा हट्ट होता. कोंबड्यांनी तो मानला नाही. त्यांच्यात कोण कोणाला टोचणार आणि दाण्यावर आधी कोण जाणार, याची उतरंड पक्की असते. नॉर्वेच्या एका प्राणिशास्त्रज्ञाने 1920 च्या दशकात ती नीट मांडून दाखवली. आमच्याकडे भीमा सगळ्यांत वर आहे. मुठेला तिच्या शेजारी जागा मिळत नाही.

इथे आल्यावर मला सगळ्यात नवीन होता तो उजेडाचा हिशेब. पुणे साडेअठरा अक्षांशावर आहे. तिकडे सगळ्यात लहान दिवस साधारण 11 तासांचा आणि सगळ्यात मोठा 13 तासांहून थोडा जास्त, म्हणजे फरक फार नाही. आम्ही 45 अक्षांशाच्या आसपास आहोत, विषुववृत्त आणि उत्तर ध्रुव यांच्या मधोमध. जूनमध्ये रात्री नऊ वाजता बाहेर उजेड असतो आणि डिसेंबरात साडेचारला दिवा लावावा लागतो. त्या दिवसांत उजेड जेमतेम पावणेनऊ तास. कोंबडीला भरपूर अंडी द्यायला 14 ते 16 तास उजेड लागतो. हा उजेड ती फक्त डोळ्यांनी टिपत नाही, कवटीतून आत झिरपलेला प्रकाश तिच्या मेंदूला थेट कळतो. त्यामुळे शरद ऋतूत त्या पिसं गाळतात, अंगाने उघड्याबोडक्या दिसतात आणि अंडी कमी होत होत थांबतात.

खुराड्यात दिवा लावला तर हिवाळ्यातही अंडी मिळतात. बरेच शेजारी तसं करतात. आम्ही लावत नाही. वर्षभर रोजच्या रोज अंडं घालणाऱ्या जिवाला नवी पिसं आणायला, अंगात कॅल्शियम साठवायला काही महिने हवेत असं मला मनापासून वाटतं. मुलांनाही ते पटलंय. डिसेंबरात केक करायचा तर अंडी विकत आणायची, त्यात कोणाची कुरकुर नसते. फेब्रुवारीत दिवस वाढायला लागला की सकाळी शाळेला निघायच्या आधी दोघं खुराड्यात डोकावतात.

पुण्यात माझ्या ओळखीच्या अनेकांनी मुळशी-भोरकडे जागा घेतल्यात. तिथे राखायला एक कुटुंब असतं आणि मालक शनिवार-रविवारी जातो. इथे तसं माणूस ठेवणं आमच्या आवाक्यातलं नाही, त्यामुळे सगळं आम्हीच करतो. अंधार पडला की खुराड्याचं दार लावायचं. पाऊस असो, परीक्षा असो, नवऱ्याची ऑफिसची मीटिंग लांबलेली असो, दार लावायचं. रॅकून नावाचा प्राणी पुढच्या पंजांनी साधी कडी सहज उघडतो, म्हणून दोन कड्या आणि बारीक चौकोनांची जाड जाळी. उन्हाळ्यात हे काम नऊला, हिवाळ्यात साडेचारला. आमचं जेवण, फिरणं, पाहुण्यांकडे जाणं सगळं त्याभोवती फिरतं. मुलं हे काम वाटून घेतात, आणि विसरलास का असं विचारायची वेळ क्वचितच येते.

बागेत पुणेकराला सगळ्यात जास्त गोंधळात टाकतो तो पाऊस. आपल्याकडे मृग लागला की पेरायचं. इथे पाऊस ऑक्टोबरात सुरू होतो, वसंतापर्यंत रेंगाळतो आणि जुलै-ऑगस्ट कोरडेठाक जातात. ऐन श्रावणात मी ठिबकच्या नळ्या तपासत फिरते. टोमॅटो मे महिन्यात बाहेर लावायचे, त्याआधी थंडीने जातात. मेथी एप्रिलमध्ये छान येते. कोथिंबीर मात्र जूनच्या लांबलचक दिवसांत बघता बघता फुलावर येते, म्हणून ती थोडी थोडी, पंधरवड्याच्या अंतराने टाकायची. कढीपत्ता कुंडीत, आणि गारठा सुरू झाला की घरात.

बाबांनी इथे खताचा ढीग ताब्यात घेतला. सिंहगड रोडच्या गच्चीवर ते वर्षानुवर्षं ओल्या कचऱ्याचं खत करतात, त्यामुळे हात बसलेला आहे. कोंबडीची विष्ठा ताजी घातली तर रोपं जळतात, नायट्रोजन फार असतो. ती पेंढा आणि वाळक्या पानांत मिसळून काही महिने कुजवावी लागते. बाबा पहाटे थर्मामीटर खुपसून बघायचे. साठ अंशाला काटा गेला की आईला हाक मारायचे, "अगं, बघ, चहा होईल यावर!" ढीग उलटला की आतून वाफ यायची, आणि कोंबड्या किडे टिपायला त्यांच्या पायांत.

दोन वर्षांपूर्वी देव नावाची आणखी एक कोंबडी होती, आपल्या देवनदीवरून ठेवलेली. भर दुपारी ससाण्याने तिला उचललं. धाकटा तिथेच होता. त्याने जमिनीवरची पिसं गोळा केली आणि कोणाशी न बोलता वाफ्याच्या कडेला पुरली. आम्ही मोकळ्या भागावर वरूनही जाळी टाकली. ती जाळी पुढे आणखी एका कारणाने कामाला आली. 2022 पासून अमेरिकेत बर्ड फ्लू पसरलाय, आणि हिवाळ्यात आमच्या खोऱ्यात रानहंसांचे मोठे थवे उतरतात. तेव्हा कोंबड्या पत्र्याच्या आडोशालाच ठेवतो, खुराड्यात जायचे बूट वेगळे. 2006 मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा पुण्यात चिकनची दुकानं ओस पडली होती, ते मला आठवतं. इथे उलट झालं. 2025 च्या मार्चमध्ये डझनाचा सरासरी भाव सव्वासहा डॉलरच्या आसपास गेला आणि दुकानांत अंडी मिळेनात. शेजारच्या आजी रिकामं खोकं घेऊन दारात आल्या. मुलीने ते भरून दिलं आणि पैसे घेतले नाहीत.

यंदा ती काउंटीच्या जत्रेत इंद्रायणीला घेऊन उतरणार आहे. फोर-एच नावाच्या मुलांच्या संघटनेमार्फत ही स्पर्धा असते. परीक्षक कोंबडी हातात धरायला लावतात, पंख उघडून दाखवायला सांगतात, अवयवांची नावं, आजार, खाणं सगळं विचारतात. तयारी बाबा घेतात, आपल्या रविवारी सकाळी, म्हणजे इथल्या शनिवारी रात्री, व्हिडिओ कॉलवर. मागे आई बसलेली असते आणि मुलगी अडखळली की हळूच उत्तर सांगते.