पेट्रोल कुठे अडलं, डिझेल कुठे: दोन जुन्या फोर बाय फोर आणि नऊ दिवस

नऊ दिवसांत साधारण 1,400 किलोमीटर झाले, त्यातले निम्म्याहून जास्त कच्चे. आधी वाळू, मग नदीपात्र, शेवटी 4,500 मीटरच्या वरची खिंड. दोन्ही गाड्यांनी तिशी ओलांडलेली. मित्राची पेट्रोलवर चालणारी, कार्बोरेटर आणि डेल्कोवाली (डेल्को म्हणजे प्लगना ठिणगीची वीज वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर). माझी डिझेल, बिनटर्बो, पूर्ण मेकॅनिकल पंपाची. अडली तर त्याचीच अडणार, असं निघताना मी छातीठोकपणे सांगत होतो. झालंही तसंच, तो पाच वेळा थांबला आणि मी एकदाच. पण त्याचे पाचही थांबे मिळून तीन तास भरले नाहीत, माझ्या एका थांब्याने मात्र अख्खा दिवस घेतला. म्हणून हे लिहितोय.

वाळूत पहिल्याच दुपारी त्याची गाडी आचके देत बंद पडली. लो रेंजमध्ये (फोर बाय फोरचे कमी वेगाचे, जास्त जोराचे गियर) इंजिन जोरात फिरतं, गाडी मात्र रांगते, त्यामुळे बोनेटखाली भट्टी होते. पेट्रोल पाइपातच उकळतं आणि पंप नुसती वाफ ओढत बसतो. पंपावर आणि पाइपवर ओलं फडकं टाकून वीस मिनिटं थांबलो, गाडी सुरू झाली. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. मग पाहिलं तर पेट्रोलचा पाइप एक्झॉस्टला जवळजवळ टेकला होता. तो दूर बांधून वर उष्णतारोधक आवरण चढवलं, पुन्हा त्रास नाही. इंजिन गरम असताना हा पाइप सोडवू मात्र नका, उडालेलं पेट्रोल लगेच पेट घेऊ शकतं. डिझेल एवढ्या उष्णतेला उकळत नाही, त्यामुळे मला फक्त इंजिनच्या पाण्याच्या तापमानाच्या काट्यावर नजर ठेवावी लागली.

नदीत तो जरा वेगात शिरला. पंख्याने पाणी डेल्कोवर फेकलं आणि गाडी मधोमध बंद. मी ओढून काढली, डेल्कोची टोपी आणि प्लगच्या वायरी पुसून कोरड्या केल्या, अर्ध्या तासात निघालो. माझ्या इंजिनात ठिणगीचा प्रश्नच नाही, त्यामुळे वरून पाणी उडालं तरी फरक पडत नाही. पण डिझेलवाल्यांनी एवढ्यावर निर्धास्त होऊ नये. दोन लिटरच्या चार सिलिंडर इंजिनात एका सिलिंडरची हवा 500 सीसी. जुन्या डिझेलमध्ये ती दाबून 25 सीसीच्या आसपास येते, म्हणजे पाच चमचे. पेट्रोलमध्ये वर 65 सीसीच्या आसपास जागा उरते. पाणी दाबलं जात नाही. एअर फिल्टरमधून तेवढं पाणी आत गेलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन उतरवावंच लागतं. पेट्रोल इंजिनही यातून सुटत नाही, डिझेलला फक्त कमी पाणी पुरतं. पाण्यात गाडी बंद पडली आणि एअर फिल्टर ओला दिसला, तर सेल्फला हात लावू नका. आधी प्लग काढा (डिझेलमध्ये गार इंजिन सुरू करताना तापणारे हीटर प्लग, किंवा डिझेल फवारणारी नोजल), इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर येऊ द्या.

खिंडीकडे चढताना दोघांचीही ताकद गेली. त्या उंचीवर हवा समुद्रसपाटीपेक्षा जवळपास 40 टक्के विरळ असते. कार्बोरेटर पेट्रोल मात्र त्या प्रमाणात कमी करत नाही, त्याचे प्लग काळे पडले आणि इंजिन अडखळायला लागलं. त्याने बरोबर आणलेला लहान मेन जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं भोक) बसवला, अर्ध्या तासाचं काम. माझ्या पंपालाही उंची कळत नाही. मागे काळा धूर दिसला की मी खालचा गियर टाकायचो आणि पाय हलका करायचो. दुसरा इलाज नव्हता. दामटत राहिलात तर एक्झॉस्टचं तापमान चढत जातं.

आणि मग माझा दिवस. खिंडीखाली मुक्काम केला, पहाटे उणे 12 अंश. त्याची गाडी चोक ओढून तिसऱ्या प्रयत्नाला सुरू झाली. माझ्या टाकीत खालच्या गरम भागात भरलेलं डिझेल होतं, त्यातलं मेण गोठून फिल्टर चोंदला होता. चारपैकी दोन हीटर प्लग मेलेले निघाले. निघण्याआधी मी ते तपासले नव्हते, ही सरळसरळ माझी चूक. सेल्फ मारून मारून बॅटरी उतरली. ऊन आल्यावर फिल्टरवर गरम पाणी ओतलं, तरी भागलं नाही. नवीन फिल्टर बसवला तर लाइनने एअर धरली. हातपंपाने फिल्टरच्या स्क्रूपासून एअर काढली, मग पंपाच्या, मग नोजलचे नट सैल करून मित्राच्या बॅटरीवर सेल्फ मारला. या वेळी नटांजवळ हात नेऊ नका, त्या दाबाचं डिझेल कातडीतून आत घुसतं. गाडी सुरू झाली तेव्हा चार वाजले होते.

त्या दिवशी डिझेलचा पंप किंवा नोजल गेलं असतं तर तिथे काहीच करता आलं नसतं, त्याला वर्कशॉपमधला टेस्ट बेंच लागतो. मित्राचं सगळं सामान, म्हणजे टोपी, रोटर, पॉईंट, कंडेन्सर, कॉइल, प्लग आणि इंजिनचा पेट्रोल ओढणारा एक पंप, बुटांच्या खोक्यात मावतं. दुसरी बाजूही खरी आहे. बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर गेला असता तर बॅटरी उतरेपर्यंतच त्याची गाडी चालली असती. माझ्या गाडीला, एकदा सुरू झाल्यावर, फक्त बंद करायच्या सोलेनॉइडपुरतीच वीज लागते. शिवाय लो रेंजमध्ये त्याला लिटरला 5 किलोमीटर पडले, मला 8. त्याला पेट्रोलचे तीन कॅन न्यावे लागले, गळत नाहीत ना म्हणून रोज वास तपासत.

एकटी गाडी घेऊन महिनाभरासाठी निघायचं असेल तर मी आजही डिझेलच घेईन, पण पंप आणि नोजल निघण्याआधी तपासून घेतलेली. स्वतः पाना धरायची सवय असेल आणि सोबतीला दुसरी गाडी असेल, तर जुनं पेट्रोल इंजिन मला आता अजिबात कमी वाटत नाही.

उतरताना 3,000 मीटरच्या खाली आल्यावर त्याने मोठा जेट परत बसवला. हे विसरू नका, खालच्या दाट हवेत लहान जेटवर इंजिन तापतं आणि व्हॉल्व जळतात. मी परतल्यावर हीटर प्लग चारही नवे टाकले. डिझेल घेऊन जाणाऱ्यांनी निघण्याच्या आठवडाभर आधी, रात्रभर गार पडलेल्या इंजिनवर, प्रत्येक प्लग सुटा करून बॅटरी आणि टेस्ट बल्बने तपासावा. थंडीत न गोठणारं डिझेल वाटेतल्या शेवटच्या नाही, त्याच्या आधीच्याच पेट्रोल पंपावर भरावं, म्हणजे मुक्कामाला पोचेपर्यंत ते फिल्टरपर्यंत पोचलेलं असेल.