बटण, धनादेश आणि मावशी

शर्टाचे तुटलेले बटण, सोसायटीच्या देखभाल खर्चाचा धनादेश आणि मावशीला करायचा राहिलेला फोन ही तीन कामे गेले तीन आठवडे ‘उद्या बघू’ या सबबीवर तग धरून होती. आज सकाळी नौपाड्यातून तलावपाळीला फेरी मारायला निघताना, चपला पायात सरकवण्याआधीच, मी ती उरकायला घेतली. बटणाला चार मिनिटे लागली, धनादेशाला दोन आणि मावशीला मात्र पाऊण तास (हा दोष कामाचा नव्हे, मावशीचा). पुऱ्या झालेल्या कामांपेक्षा अपुरी राहिलेली कामे अधिक लक्षात राहतात, असे मानसशास्त्रज्ञ ब्लुमा झायगार्निक यांनी १९२७ मध्ये प्रयोगांच्या आधारे मांडले होते. ते क्षुल्लक बटण ऐन लोकलच्या गर्दीतच का आठवत असे, हे त्यावरून उमगते. तलावपाळीला पोहोचलो तेव्हा ऊन चांगलेच चढले होते, आणि विजेचे बिल अजून टेबलावरच आहे.