खिशात चावी घेऊन सांतियागोपर्यंत

आधीच सांगून टाकतो, मी काही फार आध्यात्मिक कारणाने निघालो नव्हतो. घरी आणि मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, सांगितलं की प्रार्थनेसाठी चाललोय, जरा एकांत पाहिजे वगैरे, पण खरी गोष्ट अशी की मी रुसलो होतो. 11 वर्षं मंडळीचा सेक्रेटरी होतो आणि ऑगस्टच्या वार्षिक सभेत मतदान झालं नि माझ्या जागी दुसरा निवडून आला, माझ्यापेक्षा 14 वर्षांनी लहान, आणि तोही चांगल्या फरकाने. सभेत मी उभा राहून त्याचं अभिनंदन केलं, हात मिळवला, फोटोत हसलो आणि घरी येऊन जेवलो नाही.

बाकी सगळा चार्ज दिला, फक्त रेकॉर्डच्या कपाटाची चावी तेवढी द्यायची राहिली. राहिली असं मी म्हणायचो. बाप्तिस्म्याचं रजिस्टर, लग्नाचं रजिस्टर, जुनी मिनिट्स बुकं, सगळं त्या कपाटात, आणि चावी माझ्या घरच्या जुडग्यात. तीच घेऊन मी स्पेनला गेलो.

आपल्याकडे देवाला पायी जायचं म्हटलं की तोंडात वारी हाच शब्द येतो म्हणून मी वारी म्हणतोय, तिकडे तिला कामिनो म्हणतात, म्हणजे नुसतीच वाट. शेवटी सांतियागो दे कोम्पोस्तेला, तिथल्या कॅथेड्रलमध्ये प्रेषित याकोबाची कबर आहे असं मानतात, येशूच्या बारा शिष्यांपैकी एक, जब्दीचा मुलगा, योहानाचा भाऊ. ही कबर नवव्या शतकात सापडली म्हणतात आणि हाडं खरंच त्याची का यावर इतिहासकार शंका घेतात. आमच्या मंडळीत तसंही संतांच्या कबरींना जात नाहीत, त्यामुळे मी त्या वादात पडलो नाही. मला चालायचं होतं. बुर्गोसपासून सुरू केलं, 490 च्या आसपास किलोमीटर, 24 दिवस.

पहिल्याच दिवशी कळलं की इथेही रेस असते. अल्बेर्गे म्हणजे यात्रेकरूंचे मुक्काम, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी बुकिंग चालत नाही, जो आधी पोचेल त्याला बेड, म्हणून लोक पहाटे पाचला डोक्याला टॉर्च बांधून निघतात. मीही निघालो. किती जणांना मागे टाकलं ते मोजत होतो, खोटं कशाला बोलू. त्याच नादात दोन दिवसांत डाव्या टाचेला पाच रुपयाच्या नाण्याएवढा फोड आला आणि मी त्याचा फोटो मंडळीच्या ग्रुपवर टाकला, खाली स्तोत्रातलं एक वचन. अंगठे आले, हात जोडलेले आले, दोघांनी लिहिलं प्रभू सामर्थ्य देवो. बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी कास्त्रोखेरिसमध्ये नव्या सेक्रेटरीचा मेसेज आला, दादा कपाटाची चावी तुमच्याकडे आहे का, जरा अर्जंट होतं. मी वाचला. चावी पाठीवरच्या सॅकच्या वरच्या कप्प्यात होती. उत्तर दिलं नाही. मनात म्हटलं शोधू दे जरा, कळू दे 11 वर्षं काय काम होतं ते.

त्या दिवशी टाचेमुळे दहाएक किलोमीटरच झाले. मध्ये एक खडा चढ आहे तो चढून उतरलो आणि पिसुएर्गा नदीच्या पुलाअलीकडे सान निकोलास नावाची जुनी दगडी इमारत लागली. पूर्वी ते यात्रेकरूंचं हॉस्पिटल होतं, आता इटलीतली एक संस्था तिथे मुक्कामाची सोय चालवते, बेड थोडेच, जेवणाच्या हॉलमध्ये वीज नाही, मेणबत्त्या. मला वाटलं चला, टूरिस्टांसाठी वातावरणनिर्मिती. संध्याकाळी जेवणाआधी सगळ्यांना पुढच्या बाजूला अर्धगोलात बसवलं, आणि तिथला एक वॉलंटियर, साठी उलटलेला, गुडघ्यांना त्रास असणारा माणूस, तांब्या आणि परात घेऊन एकेकासमोर बसायला लागला. प्रत्येकाचा एक पाय धुवायचा, पुसायचा आणि पायाचं चुंबन घ्यायचं.

माझ्या पोटात गोळा आला. बायबलमधला योहान 13, येशू शिष्यांचे पाय धुतो तो अध्याय, मी किती वेळा वाचलाय, उत्तम शुक्रवारच्या आदल्या संध्याकाळी तर दर वर्षी, आणि त्यांच्यातला पेत्र जेव्हा म्हणतो की तुम्ही माझे पाय कधीच धुवायचे नाहीत तेव्हा मला तो नेहमी नम्र वाटायचा. तिथे बसल्यावर कळलं, नम्र कसला, लाजला असणार. माझा डावा पाय म्हणजे पिवळट फोड, त्याला चिकटलेला मोजा आणि तीन दिवसांचा घाम. मी पटकन उजवा पुढे केला. त्याने उजव्याकडे बघितलं, मग मी लंगडत आलो होतो ते त्याला आठवलं असेल, त्याने काही न बोलता डाव्याकडे बोट केलं. मोजा काढताना कातडी ओढली गेली, मी स्स केलं, तो थांबला, पाणी ओतून मोजा आधी भिजवला आणि मग हळूच सोडवला. पाणी कोमट होतं. ते मुद्दाम गरम केलं असणार हे माझ्या डोक्यात दुसऱ्या दिवशी आलं. मग वाकून त्याने फोडाच्या अगदी बाजूला ओठ टेकवले आणि उठताना पुढच्या माणसाच्या खांद्याला धरून उठला, कारण गुडघे.

सकाळी सहाला मी टॉयलेटला गेलो तर हाच माणूस आत फरशी पुसत होता. मला बघून म्हणाला, दोन मिनिटं, ओलं आहे. मी बाहेर उभा राहिलो. त्याचं नाव मी विचारलं नाही, याचं अजून वाईट वाटतं.

त्यानंतरचा भाग मेसेता, सपाट पठार, कापणी झालेली गव्हाची शेतं, सावली नाही. कारियॉन सोडल्यावर एक 17 किलोमीटरचा पट्टा आहे ज्यात एकही गाव लागत नाही, सरळ रस्ता, समोरचा माणूस तासभर तेवढाच दिसतो. तिथे मी फोनवर मार्क 10 उघडला, कारण ज्याच्याकडे चाललोय त्याच्याबद्दल निदान वाचावं तरी. तर हा याकोब आणि त्याचा भाऊ येशूकडे जाऊन म्हणतात, तुझ्या वैभवात आमच्यापैकी एकाला तुझ्या उजवीकडे आणि एकाला डावीकडे बसू दे. म्हणजे खुर्ची. मत्तयात त्यांची आई मागते, मार्कात हे दोघं स्वतः मागतात. बाकीचे दहा चिडतात, आणि मला वाटतं ते चिडले कारण त्यांचाही त्याच खुर्च्यांवर डोळा होता. येशू विचारतो मी जो प्याला पिणार, म्हणजे जे दुःख सोसणार, तो तुम्हाला पिववेल का, आणि हे दोघं लगेच हो. लगेच! मीही 11 वर्षांपूर्वी असाच हो म्हटलो होतो, सेवा करायला मिळतेय, अजून काय पाहिजे.

मग प्रेषितांची कृत्ये 12. हेरोद राजा याकोबाला तलवारीने मारतो, एकाच वचनात आटपलंय, बारा प्रेषितांतला पहिला हुतात्मा आणि त्याला एक ओळ. त्याच अध्यायात पेत्र तुरुंगात जातो, मंडळी प्रार्थना करते, देवदूत येतो, बेड्या गळून पडतात, दार आपोआप उघडतं, याला मात्र चांगली पंधरा-सोळा वचनं. याकोबासाठी मंडळीने प्रार्थना केलीच नसेल का? केलीच असणार हो, आपला माणूस तुरुंगात असताना कोण गप्प बसतं. त्या वेळच्या मंडळीत साक्षीची सभा, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायची, भरली असती तर साक्ष द्यायला कोणाला उभं केलं असतं, पेत्राला की जब्दीच्या घरच्यांना?

हे वाचून मी रस्त्यातच थांबलो, कारण आमच्याकडे साक्षीची यादी मी करायचो. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी तीन साक्षी. कोणाला प्रमोशन, कोणाचा व्हिसा, कोणाचं घर, कोणाची गाठ साधी निघाली. 11 वर्षांत मी निवडलेल्या साक्षी शेवट गोड असलेल्याच होत्या. आमच्यात एक काकू आहेत, त्यांचे मिस्टर 9 वर्षं अंथरुणावर होते आणि तसेच गेले. त्या काळात त्या दर रविवारी उपासनेला यायच्या, वीस मिनिटं उशिरा, कारण त्यांना आंघोळ घालून, भरवून मग निघायच्या, आणि मी एकदा मिटिंगमध्ये वेळेच्या शिस्तीचा विषय काढला तेव्हा माझ्या डोक्यात त्याच होत्या. त्यांना साक्ष द्या असं मी कधी म्हटलं नाही. काय सांगणार त्या, बरे तर झाले नाहीत.

आपण ख्रिस्ती लोक यशाबद्दल बोलताना यहोशवा 1:8 फार वापरतो, तिथे यशाचा शब्द आहे म्हणून. पण ते यश नियमशास्त्राचं रात्रंदिवस मनन करून त्याप्रमाणे चालण्याला जोडलंय, आणि आपण अर्धं वचन कॅलेंडरवर छापतो. गलतीकरांच्या पत्रात आत्म्याच्या फळाची यादी आहे, प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता अशी, त्यातलं एकही वार्षिक अहवालात लिहिता येत नाही. मी अहवाल लिहायचो त्यामुळे मला माहीत आहे. बाप्तिस्मे किती, दशांश किती, नवी कुटुंबं किती. सहनशीलतेचा कॉलम कसा काढणार?

लेऑन मागे पडलं. पुढे साधारण 1500 मीटरवर क्रूझ दे फेरो आहे, लाकडी खांबावर लोखंडी क्रूस आणि खाली दगडांचा ढीग, लोक घरून एक दगड आणतात आणि मनावरचं ओझं म्हणून तिथे टाकतात. मी दगड आणायला विसरलो होतो. खिसे चाचपले तर हाताला जुडगाच लागला, आदल्या दिवशी सॅकमधून खिशात घातला होता, का ते माहीत नाही. दोन सेकंद वाटलं टाकावी चावी इथेच, काय सिनेमातला सीन झाला असता. पण चावी माझी कुठे होती, मंडळीची होती. परत खिशात.

ओ सेब्रेइरो हे डोंगरावरचं छोटं गाव, तिथे एलिआस वालिन्या नावाचे पाद्री होते, 1989 ला वारले. कामिनोभर दगडावर, झाडावर, भिंतीवर जे पिवळे बाण दिसतात त्यांची सुरुवात त्यांनी 1984 मध्ये केली, रस्त्याचा पिवळा रंग घेऊन स्वतः रंगवत गेले. तेव्हा ही वाट जवळजवळ विसरली गेली होती, आणि 2024 मध्ये पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र घेणारे जवळपास 5 लाख होते. हा आकडा बघायला ते नव्हते. मी बुर्गोसपासून रोज शंभर वेळा त्या बाणांच्या भरवशावर वळलो होतो आणि हे नाव मला तिथे पोचल्यावर कळलं.

सारियापासून अचानक गर्दी. प्रमाणपत्रासाठी शेवटचे 100 किलोमीटर पायी चाललं तरी पुरतं, म्हणून खूप जण तिथूनच सुरू करतात, स्वच्छ बूट, छोट्या पिशव्या, मोठं सामान टॅक्सीने पुढे. माझं डोकं फिरलं. आम्ही पावणेचारशे चालून आलोय आणि ह्यांनाही तोच कागद? रात्री झोप येईना म्हणून मत्तय 20 काढला, जब्दीच्या मुलांच्या आईचा भाग बघायला, तर त्याच अध्यायाच्या सुरुवातीला द्राक्षमळ्यातले मजूर, शेवटच्या तासाला आलेल्यांनाही पूर्ण दिवसाची मजुरी आणि सकाळपासून राबलेले कुरकुरतात. एकाच अध्यायात माझे दोन फोटो. फोन पालथा ठेवला.

सांतियागोला पाऊस होता. यात्रेकरूंच्या ऑफिसात चालण्याचं कारण विचारतात, धार्मिक, आध्यात्मिक की आणखी काही. रुसवा असा पर्याय नव्हता, धार्मिक लिहिलं. कॅथेड्रलच्या आत पश्चिमेकडे उस्ताद मातेओने घडवलेला दगडी दरवाजा आहे, 1188 सालचा, त्याच्या मधल्या खांबावर याकोबाची मूर्ती आहे, वर ख्रिस्त आणि खाली हा, बसलेला. मला हसूच आलं, मिळाली बाबा खुर्ची शेवटी, मरून अकराशे वर्षं झाल्यावर. तलवारीचा प्याला आधी.

कबर तळघरात आहे, चार पायऱ्या उतरून एका जाळीमागे चांदीची पेटी, लहानशी. गुडघे टेकले. प्रार्थना काही सुचली नाही, त्या सान निकोलासच्या माणसाचे गुडघे आठवले, आणि काकू. मागून कोणीतरी खोकलं, लाईन होती, उठलो.

बाहेर कमानीखाली पावसाच्या आडोशाला उभा राहून नव्या सेक्रेटरीला मेसेज केला. लिहिलं, चावी माझ्याकडेच आहे, त्या दिवशीही माझ्याच सॅकमध्ये होती, मुद्दाम उत्तर दिलं नाही, चुकलो, माफ कर, आल्या आल्या देतो. आणि साक्षीची यादी तू करत असशील तर एक नाव सुचवायचं आहे.

तिकडे रात्रीचे साडेनऊ वाजले असतील. लगेच टायपिंग दिसलं.

अहो दादा, ती आम्ही त्याच दिवशी चावीवाल्याला बोलावून बनवून घेतली, एकांना लग्नाचा दाखला पाहिजे होता. तुमची असू द्या तुमच्याकडे. पाय कसे आहेत?