अंगठा उमटेना

डिसेंबरातल्या एका सोमवारी मावशी तासभर उशिरा आल्या, त्या रेशनच्या दुकानावर तणतणतच. "पाच वेळा लावला अंगठा, ताई. मशीन म्हणतं जुळत नाही. मग मी कोण?" असं म्हणून त्यांनी उजवा अंगठा माझ्या नाकासमोर धरला. मी चष्मा लावून पाहिला. पेरावर रेषा जवळजवळ नव्हत्याच. झिजत आलेल्या वडीसारखं गुळगुळीत पेर, आणि नखाच्या कडेला दोन उभ्या भेगा.

ठाण्यात, नौपाड्यातल्या आमच्या जुन्या इमारतीत मावशी पाच घरची धुणीभांडी करतात. म्हणजे पाच घरची लिक्विडं, पाच घरची फिनेलं, पाच पावडरी. यातलं एकही त्यांनी निवडलेलं नाही. आमच्याकडचं मी निवडते, आणि भांडी मी घासत नाही. एवढी साधी गोष्ट लक्षात यायला मला बावीस वर्षं लागली.

त्या दुपारी सिंकखालचं कपाट उपसलं. संडासाच्या बाटलीमागे मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेलं होतं : हायड्रोक्लोरिक ॲसिड, सुमारे 10 टक्के. तिच्या शेजारीच ब्लीचची बाटली. या दोघांची गाठ पडली की क्लोरीन वायू सुटतो, आणि माझ्या कपाटात ते इतकी वर्षं मांडीला मांडी लावून बसले होते. मोरी घासताना मावशी खोकायच्या तेव्हा मी बाहेरून "खिडकी उघडा हो" एवढं म्हणायचे. अंगाचा म्हणून आणलेला साबण 'बेदिंग बार' निघाला. पहिल्या प्रतीच्या साबणात 76 टक्के स्निग्धांश लागतो, 'बार'ला त्याहून बराच कमी चालतो. आणि सात बाटल्यांवर हिरवं पान! सरकारची इकोमार्कची खूण, मातीचं मडकं, 1991 पासून आहे. ते मडकं एकाही बाटलीवर नव्हतं. 2024 च्या ऑक्टोबरात केंद्राने फर्मान काढलं की पर्यावरणपूरक म्हणून मिरवायचं तर पुरावा द्या. पण पान काढायला कुठे पुरावा लागतो? पान ते पान.

मग जांभळी नाका. तिथल्या काष्ठौषधीच्या दुकानात पाव किलो रिठे मागितले. दुकानदाराने तराजूवरून मान वर न करता विचारलं, "केसांना की दागिन्यांना?" मी म्हटलं, "भांड्यांना." तेव्हा त्याने मान वर केली.

रिठा फोडायचा म्हणजे बत्त्याने हलकेच. आतली काळी गोटी टणकन उडून फ्रिजखाली जाते, ती जाऊ द्यायची. मूठभर टरफलं रात्री भिजवली, सकाळी वीसेक मिनिटं उकळली आणि गार झाल्यावर कुस्करली. बोटांना आधी चिकट, मग बुळबुळीत लागतं. पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं, आणि वास गुळाच्या ढेपेच्या बुडाला येतो तसा आंबूस. पण बाटली हलवली की काय फेस येतो! पांढराशुभ्र, बारीक, ताकावरच्या लोण्यासारखा. आई पैठणी याच पाण्यात बुचकळायची. रिठ्यातल्या सॅपोनिनची ही करामत.

मावशींनी बाटली नाकाशी नेली, लांब धरली, परत नाकाशी नेली. "ताई, हे उतरलंय." मी म्हटलं, नाही, असाच वास असतो. दोन ताटं घासून झाल्यावर त्यांचा निकाल आला : "फेस बसतो लगेच. फेस नाही, वास नाही, तर भांडं निघालं हे कळायचं कशावरून?" मी म्हटलं, बोट फिरवून बघा. त्यांनी आपला भेगाळलेला अंगठा ताटावर फिरवला आणि म्हणाल्या, "याला काय कळतंय!"

त्यांचं चूक नव्हतं. लिंबाचा वास म्हणजे भांडी, चंदनाचा म्हणजे लादी, हे आमच्या नाकांत इतकं मुरलंय की वास नसलेलं घर न झाडलेलं वाटतं. खरं तर स्वच्छ ताटाला वासच यायला नको. तेलकट कढईपुढे मात्र रिठ्याने हात टेकले. तिथे राख आणि काथ्या, आणि तेही नाही जमलं तर गरम पाण्यात धुण्याचा सोडा. पण सोडा हाताला लिक्विडपेक्षा वाईट. मग हातमोजे आणले. मावशींनी ते एकदा घातले. "ताट हातात आहे की नाही तेच कळत नाय," म्हणून नळावर वाळत टाकले. ते अजून तिथेच आहेत.

एव्हाना माझ्या अंगात वारं आलं होतं. खाण्याचा सोडा टाकला, वर व्हिनेगर ओतलं, मोरीत फसफस उसळली आणि मी धन्य झाले. अकरावीतला भाचा शांतपणे म्हणाला, "मावशी, दोघांनी एकमेकांना मारलं. आता तू मिठासारखं काहीतरी घातलेलं पाणी ओततेयस." बरोबरच होतं त्याचं. वेगवेगळे वापरले तर दोघेही कामाचे, व्हिनेगर नळावरच्या पांढऱ्या खरपुडीला, सोडा वासाला.

पण खरी अद्दल लिंबाने घडवली. अर्धं लिंबू घेऊन मी ओटा घासला. आमचा ओटा जुना, काळ्या कडप्प्याचा. आणि कडप्पा म्हणजे चुनखडीचाच दगड, हे मला ओटा वाळल्यावर उमगलं. जिथे जिथे रस सांडला तिथे तिथे चकाकी गेली आणि पांढुरके गोल उमटले, नाण्याएवढे. चंद्रावरचे डाग परवडले. "ते निळं लिक्विड असं नव्हतं करत," मावशी म्हणाल्या, आणि मी नैसर्गिक हा शब्द पुढचे आठ दिवस उच्चारला नाही.

तसा रिठाही काही साधुसंत नाही. सॅपोनिन माशांना विषारी. आणि ठाण्याचं सांडपाणी शेवटी खाडीलाच मिळतं, जिला 2022 मध्ये रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, मान मिळाला. तिथे उतरणारे फ्लेमिंगो ज्या शेवाळावर जगतात ते सांडपाण्यानेच फोफावतं, असंही जाणकार सांगतात. म्हणजे कुणाचं भलं करायचं हे ठरवायलाच एक जन्म जाईल. मी आपली अंगठ्यापुरतं बघत होते.

काही गोष्टी टिकल्या, काही गळाल्या. शिकेकाईचे तीन रविवार झाले, चौथ्याला शाम्पू. तुरटीचा खडा राहिला, बगलेला दुसरं काही लावत नाही. डांबरगोळ्या गेल्या, साड्यांत वेखंड आलं. वरच्या मजल्यावरच्या काकू गूळ, संत्र्यामोसंब्याच्या साली आणि पाणी 1:3:10 अशा मापाने तीन महिने मुरवून एक द्राव करतात. त्या रोज सकाळी देवपूजेइतक्या नेमाने बाटलीचं झाकण सैल करून आतला वायू सोडतात. त्यांनी दिलेल्या अर्ध्या बाटलीवर आमची लादी पुसली जाते. ॲसिड बंद झालं, त्याबद्दल मात्र मी कुणाशी वाद घालत नाही.

फेब्रुवारीत एकदा घरी पाहुणे येऊन गेले आणि संध्याकाळी स्वयंपाकघरात लिंबाचा ओळखीचा वास. सिलिंडरच्या मागे निळी बाटली होती, फडक्यात गुंडाळलेली. स्वतःच्या पैशांनी आणलेली. मी फडकं होतं तसं गुंडाळलं आणि बाटली जागेवर ठेवली. त्या महिन्याच्या पगारात वर वीस रुपये घातले, कशाचे ते सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही.

शिमग्याला मावशी गावी गेल्या, दहा दिवस. आल्या त्या तोंडभर हसत. येतानाच रेशनच्या दुकानात जाऊन आल्या होत्या.

"एका झटक्यात उमटला, ताई! मशीन टुंग करून वाजलं."

मी ओट्याकडे, रिठ्याच्या बाटलीकडे बघत म्हटलं, "बघा! म्हटलं नव्हतं, याचा गुण येईल?"

"छ्या हो," पदर खोचत मावशी म्हणाल्या, "दहा दिवस भांडीच नव्हती ना."