स्मशानभूमीची जागा आणि सात सोमवार

आमच्या गावात पावसाळ्यात माणूस गेला की ओढ्याकाठी चौघांनी पत्रा धरून उभं राहायचं आणि त्याखाली चिता पेटवायची. मी सरपंच झाले तेव्हाच ठरवलं, गायरानातले 20 गुंठे स्मशानभूमीसाठी ग्रामपंचायतीकडे घ्यायचेच.

ग्रामसभेचा ठराव, तलाठ्यांचा अहवाल, मंडळ अधिकाऱ्यांचा पंचनामा महिन्याभरात झाले. अडलं मोजणीला. फी भरली, तारीख मिळाली, भूकरमापक आलेच नाहीत. पुढच्या तारखेला आले, तर लगतच्या खातेदारांना नोटिसा पोचल्या नव्हत्या. तिसऱ्यांदा मोजणी झाली, हद्दीचे दगड रोवले. वाटलं, सुटलो. पण भूमी अभिलेख कार्यालयातून नकाशाची 'क' प्रत, म्हणजे अर्जदाराला द्यायची मोजणीची प्रत, मिळेना. "साहेब रजेवर आहेत." "सही राहिलीय." "सोमवारी या, ताई." असे सात सोमवार गेले. सकाळच्या एसटीने जायचं, बाकावर बसायचं, रिकाम्या हाताने परत. ऐन आषाढात आमच्या आळीतल्या आजी गेल्या. चिता दोनदा विझली, त्यांचा मुलगा रॉकेलचा डबा हातात घेऊन रडत होता. दुसऱ्या दिवशी मी त्या कार्यालयात जाऊन बसले, प्रत घेतल्याशिवाय उठणार नाही म्हणाले. पाच वाजता मिळाली. सहीखालची तारीख महिन्यापूर्वीची होती! आजही आठवलं की संताप होतो.

म्हणून सांगते, दर अर्जाची पोच आवक नंबरासह घ्या, फोनवर विसंबू नका. ठरावात गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा लिहा. आमच्या पहिल्या ठरावात नुसतं 'गायरानातील जागा' होतं. तलाठी भाऊसाहेबांनी वेळीच दुरुस्त करायला लावलं, त्यांचे उपकार. जागेवर अतिक्रमण आहे का, हे तलाठ्यांकडच्या नमुना 1-ई मध्ये, म्हणजे अतिक्रमणांच्या नोंदवहीत, आधीच बघा. गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं हटवायला सांगणाऱ्या 2011 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून गायरानाबाबत फार कडक तपासणी होते, तेव्हा दुसरी सोयीची सरकारी जागा का नाही तेही लिहून द्या. जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 22 मध्ये स्मशानभूमीचा स्पष्ट उल्लेख आहे, अर्जात तो घाला. मात्र अशी राखून दिलेली जागा जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय दुसऱ्या कामाला वापरता येत नाही, हे गावाला आधीच सांगा. आमच्याकडे लगेच व्यायामशाळेची मागणी आली होती.

दिवाळीनंतर आदेश आला. ताबेपावतीवर सही करताना हात थरथरत होता. आणि हो, फेरफाराचा, म्हणजे 7/12 वर नवी नोंद करून घ्यायचा, अर्ज त्याच दिवशी द्या. शेडच्या प्रस्तावाला नोंद झालेला 7/12 जोडावा लागतो. आमचा प्रस्ताव गेलाय. शेड उभी राहीपर्यंत तो पत्रा पंचायतीच्या मागच्या भिंतीला टेकवून ठेवलाय.