रेसच्या गाडीची टाकी आणि तिची व्हेंट नळी

फक्त ट्रॅकवर पळवायची गाडी बांधायला घेतली की आधी कॅनिस्टर (टाकीतली वाफ साठवणारा कोळशाचा डबा) आणि पर्ज व्हॉल्व्ह (ती वाफ इंजिनात सोडणारा) निघतात. हरकत नाही, वजन कमी होतं. मॅनिफोल्डवरचं, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळकांड्यावरचं, पर्जचं तोंड मात्र बंद करा, नाहीतर इंजिन तिथून फुकटची हवा ओढत राहतं. खरा घोळ होतो तो टाकीकडून येणाऱ्या नळीचा, म्हणजे टाकीला श्वास घेऊ देणाऱ्या व्हेंटचा. कुणी ती डिकीत तशीच मोकळी सोडतं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती डिकीच्या तळाशी साचते, आणि बॅटरीही बहुतेक तिथेच हलवलेली असते. कुणी नळीत बोल्ट ठोकून मोकळं होतं, तर टाकीचा श्वासच बंद.

इंजिन जेवढं पेट्रोल पितं तेवढी हवा टाकीत यायलाच हवी. नाही आली तर आत व्हॅक्यूम तयार होतो, पंपाला पेट्रोल ओढवत नाही आणि पातळ पत्र्याची टाकी आत चेपते. लक्षण ठरलेलं आहे: पहिले काही लॅप गाडी झकास, मग सरळ रस्त्यावर वरच्या आरपीएमला दम तुटतो. पिटमध्ये आणून झाकण सैल करा. आत हवा खेचल्याचा ‘फुस्स’ आवाज आला आणि नंतर गाडी सुधारली, तर पंप बदलू नका भाऊ, व्हेंट बघा.

आपल्याकडे उलटा त्रासही तेवढाच. मे महिन्यात अकोला, चंद्रपूरकडे पारा ४५च्या वर जातो. पेट्रोल दर अंशाला साधारण हजारात एक भाग फुगतं. म्हणजे पहाटे २५ अंशांना भरलेलं ४० लिटर पेट्रोल ४५ अंशांना पाऊण लिटरनं वाढतं. ट्रेलरवर उन्हात तापलेल्या टाकीत त्याहून जास्त. शिवाय इंजिनाकडून परतणारं गरम पेट्रोल आहेच. म्हणून टाकी काठोकाठ कधीच भरायची नाही, वरचा दहावा हिस्सा मोकळा ठेवायचा. व्हेंटचं तोंड पेट्रोलात बुडालं आणि नळीचं दुसरं टोक टाकीच्या खाली असलं, की सायफन सुरू होतो. थेंबाथेंबानं सुरुवात होते आणि पेट्रोलची पातळी तोंडाखाली उतरेपर्यंत धार लागू शकते.

मग दुसरं टोक खाली का न्यायचं? गाडी उलटली तर तेच टोक सगळ्यात वर यावं म्हणून. नळी टाकीच्या माथ्यावर मधोमध लावा, म्हणजे कुठल्याही वळणाला पेट्रोल तिच्यावर चढत नाही. तिथून ती थोडी वर न्या, मग टाकीच्या चारही बाजूंनी एक पूर्ण वेढा द्या आणि शेवटी टाकीच्या तळापेक्षा खाली, बॉडीच्या बाहेर काढा. गाडी कुठल्याही कुशीवर पडली तरी वेढ्याचा एक भाग पेट्रोलच्या पातळीच्या वर राहतो. सायलेन्सर आणि टोक एका बाजूला नकोत. इंजिनाच्या गरजेला ६ मिमीचं भोक पुरतं, पण मी ८ मिमीच लावतो, कारण धूळ आपल्याकडे काही कमी नाही.

वेढ्याच्या जोडीला रोलओव्हर व्हॉल्व्ह हवाच. आत गोळी असते. गाडी कलंडली की ती व्हॉल्व्हच्या भोकावर बसून वाट बंद करते. तो उभाच बसवायचा, आडवा बसवला तर गोळी कधी बसेल सांगता येत नाही. बाजारात त्याच्यासारखाच दिसणारा स्प्रिंगचा एकतर्फी व्हॉल्व्ह मिळतो. तो एकाच दिशेनं हवा सोडतो, आणि टाकीला तर दोन्ही दिशा लागतात. घेताना स्वच्छ नळीनं दोन्हीकडून फुंकून बघा: उभा धरल्यावर हवा जायला हवी, उलटा केल्यावर टाकीच्या बाजूनं थांबायला हवी.

वापरलेल्या टाकीला ड्रिल लावू नका. रिकामी दिसली तरी आत वाफ असते. पंपाची वरची प्लेट खोलून बाकावर घ्या, चांगली पुसा, तिच्यात भोक पाडून बल्कहेड निपल (प्लेटमधून आरपार जाणारं, नळी जोडायचं तोंड) बसवा, दोन्ही बाजूंना व्हायटनचे सील.

फवारणी पंपाची नळी आपल्याकडे घरोघरी पडलेली असते आणि हात तिकडेच जातो. ती पेट्रोलात कडक होते, क्लिपेपाशी तडकते. पारदर्शक पीव्हीसीचीही तीच गत. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे, तेव्हा आर-९ ग्रेडची इंधन नळी किंवा टेफ्लॉन अस्तराची घ्या. मोड देताना ती चपटी होत नाही ना, हे बोटानं दाबत शेवटपर्यंत तपासा. ओव्हरफ्लोसाठी अर्धा-एक लिटरचा डबा लावत असाल तर त्याला स्वतःचं छिद्र हवं. हवाबंद डबा म्हणजे पुन्हा तोच ठोकलेला बोल्ट.

नळीच्या बाहेरच्या टोकाला पितळी जाळी लावा, पण बारीक नको. कापसाच्या दिवसांत रुईचे तंतू आणि काळ्या मातीची धूळ मिळून तिच्यावर नमदा बसतो. जाळी नसली तर कुंभारीण माशी. टिनाच्या शेडमध्ये दोन महिने उभ्या गाडीच्या नळीत ती मातीचं घर बांधते, आणि ते वाळल्यावर सिमेंटसारखं घट्ट होतं. कॉम्प्रेसरनं फुंकायचं असेल तर नळी आधी टाकीपासून सोडवा, नाहीतर माती थेट आत.

नवी टाकी बनवली असेल तर बसवण्याआधी दोन तृतीयांश पाणी भरून, व्हेंट जोडून, चारही कुशींवर आणि उलटी अशी दोन-दोन मिनिटं धरा. चमचाभर पाणी आलं तर चालेल, धार लागली तर वेढा किंवा व्हॉल्व्ह चुकलाय. नंतर तोंड उघडं ठेवून उन्हात पूर्ण वाळवा.

पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करून ठेवा. उघड्या व्हेंटमधून दमट हवा जाते आणि इथेनॉल तिच्यातलं पाणी ओढून घेतं. टोकाला बूच लावलंत तर त्याला लाल फडकं बांधा आणि तसंच एक स्टीअरिंगला गुंडाळा, म्हणजे गाडी काढताना बूच काढायचं विसरणार नाही.